समाधीला जाताना घरचं म्हातारं माणूस सोबत न्या

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात गावच्या एका माहेरवाशिणीने, निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण)





मी कीर्तनकार नाही. जन्मभर झेडपीच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवली. पण दिंडीला शंभर वर्षं झाली आणि तुम्ही माहेरवाशिणीला बोलावलंत, तेव्हा नाही कसं म्हणणार? महाराजांचा निरोप आला, 'ताई, दिंडीतल्या जुन्या माणसांविषयी चार शब्द बोला.' मी विचारलं, जुनी म्हणजे किती जुनी? तर म्हणाले, तिथंच तर अडलंय. स्मरणिकेसाठी पोरं यादी करायला बसली. आत्ताचे विणेकरी, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, इथपर्यंत सगळं नीट जमलं. त्याच्या मागं गेलं की नुसती नावं. त्याच्याही मागं गेलं की नावंही नाहीत.

म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. आपल्या माणसांच्या समाधीला जावं, आणि जाताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्यावं. एवढंच. आता हे एवढंच इतकं महत्त्वाचं का, ते सांगते.

माउली, आपला पंथ मुळातच समाधीच्या भेटीला जाणाऱ्यांचा पंथ आहे. आपण म्हणतो पंढरीला निघालो. पण पालख्या निघतात कुठून? आळंदीहून ज्ञानोबा माउली निघतात, सासवडहून सोपानकाका निघतात, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ निघतात, आणि तिकडं तापीकाठच्या मुलखातून मुक्ताई निघते. चारही ठिकाणं समाधीची. पैठणहून नाथ महाराज निघतात. म्हणजे पंढरीची वाट सुरूच होते ती समाधीच्या दारातून. आणि वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा काय होतं? वेगवेगळ्या गावी विसावलेली भावंडं वर्षातून एकदा एकमेकांना भेटतात. टप्प्यावर माउलींची आणि सोपानकाकांची बंधुभेट होते, तेव्हा आपल्या डोळ्यांना धारा लागतात. सातशे वर्षांपूर्वी गेलेली माणसं ती, पण आपल्याला वाटतं की आपल्याच घरातले दोन भाऊ भेटतायत.

आपलं सोडा, देवसुद्धा समाधीच्या भेटीला जातो. कार्तिक वद्यात आळंदीला माउलींच्या समाधी सोहळ्याला पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी येते, बरोबर नामदेवराय येतात, पुंडलिकराय येतात. आषाढी झाल्यावर पांडुरंगाची पालखी अरणला सावतोबांच्या भेटीला जाते. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं आपण सांगतो, म्हणून देवच मळ्यात येतो. मग आपण आपल्या मळ्यातल्या आजाच्या वृंदावनापाशी वर्षातून एकदा तरी जायला नको का?

आता आळंदीचीच गोष्ट जरा नीट बघा. शके १२१८ म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. माउलींनी समाधी घेतली. तो प्रसंग आपल्या डोळ्यांपुढं कसा उभा राहतो? निवृत्तिनाथांचा हात, भावंडांचा शोक, समाधीची जागा झाडून स्वच्छ करणारी नामदेवांची चार मुलं, नारा, विठा, गोंदा, महादा, आणि शेवटी लावलेली शिळा. हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं? माउली तर आत गेले. नामदेवरायांनी सांगितलं. आदि, तीर्थावळी, समाधी अशा प्रकरणांमधून त्यांनी आपल्या सोबत्याचं चरित्र अभंगांत गुंफून ठेवलं. ते सांगणारे नसते तर इंद्रायणीकाठी एक शिळा राहिली असती. शिळेला दर्शन घेता येतं, पण शिळा बोलत नाही. बोलायला माणूस लागतो.

आणि नामदेवराय गेले म्हणून सांगणं थांबलं का? नाही. आजही समाधीच्या दिवशी आळंदीला नामदासांचं कीर्तन होतं. नामदेवरायांच्या वंशातलं माणूस उभं राहतं आणि समाधीचा तो प्रसंग त्याच जागी पुन्हा सांगतं. दुपारी घंटा वाजते, फुलं पडतात, आणि हजारो माणसं आज आत्ता कुणी गेल्यासारखी रडतात. सव्वासातशे वर्षांपूर्वीचा प्रसंग अजून ओला राहिला, त्याचं कारण हे. जागा एक, दिवस एक, आणि त्या जागेवर उभं राहून सांगणारं घर एक. मी ज्याला समाधीला जाणं म्हणते ते हेच.

चोखोबांची समाधी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या जवळ. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि त्याखाली चोखोबा गेले. परंपरा सांगते की नामदेवराय तिथं गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलाचं नाम ऐकू येत होतं त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि पंढरीला आणून त्यांची समाधी बांधली. मायबाप हो, ढिगाऱ्यात किती माणसांची हाडं असतील? पण आपलं माणूस कोणतं ते ओळखणारा जिवंत होता, म्हणून ती समाधी झाली. कान देऊन ऐकणारा आला नसता, तर चोखोबा तिथंच मातीत राहिले असते.

आणि नाथ महाराज? त्यांच्या काळात माउलींना जाऊन सुमारे तीनशे वर्षं झाली होती. आपल्याकडे सांगतात की नाथांचा घसा दुखू लागला, स्वप्नात माउली आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीचं दर्शन घेतलं, मुळी दूर केली. पुढं शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मला यात एक मोठी शिकवण दिसते. आधी समाधीवर वाढलेलं रान दूर केलं, मग शब्दांत शिरलेलं रान दूर केलं. दोन्ही कामं एकच आहेत. जागा साफ करायची आणि गोष्टही साफ करायची.

आता आपल्याकडं येते.

आपण बहुतेक जण अग्नी देतो. तिसऱ्या दिवशी राख सावडतो, अस्थी चंद्रभागेत नाहीतर आणखी कुठल्या तीर्थावर नेतो, आणि थोडी राख आपल्याच रानात ठेवून वर चौथरा बांधतो, त्यात तुळस लावतो. त्याला कुणी समाधी म्हणतं, कुणी वृंदावन, कुणी नुसतंच 'आज्याचा कट्टा'. लिंगायत मंडळींची रुद्रभूमी आहे, मुसलमान बांधव शब-ए-बरातला कबरस्तानात जाऊन दिवा लावतात. प्रत्येकाची जागा वेगळी, पण तिथं गेल्यावर मनात जे येतं ते एकच. आपल्या विहिरीच्या कडेला, बांधाच्या टोकाला, लिंबाखाली अशी दोन-चार वृंदावनं नाहीत असं घर या शिवारात क्वचितच असेल. आपण कधी जातो तिथं? म्हाळाच्या दिवशी, अक्षय तृतीयेला, नाहीतर लग्नाची पहिली पत्रिका ठेवायला. नारळ फोडतो, हळद-कुंकू लावतो, पाच मिनिटांत परत फिरतो. बरोबर पोरगं असलं आणि त्यानं विचारलं, 'हे कोण?' तर आपण म्हणतो, 'आपलं मोठं माणूस. पाया पड.' पोरगं पाया पडतं. गोष्ट तिथंच संपते.

माझ्या माहेरच्या मळ्यात, म्हणजे इथून पाऊण कोसावर ओढ्याच्या कडेला, अशी दोन वृंदावनं आहेत. एक आजोबांचं, एक आजीचं. त्याच्यापासून दहा पावलांवर बोरीच्या झाडाखाली एक दगड आहे. अर्धा मातीत गेलेला, वरून चुना लावलेला. आम्ही लहानपणी त्याला बांधावरचा देव म्हणायचो. दसऱ्याला त्याला शेंदूर लावायचो. कुठला देव, कधीपासून, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही भावांच्या वाटण्या झाल्या. मोजणी झाली, हद्दीच्या खुणा पडल्या, आणि नवा बांध नेमका त्या दगडावरून जात होता. सोमवारी जेसीबी यायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी घरात म्हाळ होता, म्हणून माझी आत्या आली होती. नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण नजर आणि जीभ शाबूत. जेवणं झाल्यावर म्हणाली, मला मळ्यात न्या. आम्ही तिला गाडीवर बसवून नेलं. दोन्ही वृंदावनांच्या पाया पडली, आणि मग काठी टेकत त्या दगडापाशी गेली, पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसली.

मी म्हटलं, 'आत्या, हा कुठला देव गं?'

ती म्हणाली, 'आगं, ह्यो देव न्हाई. ह्यो वारकरी हाय.'

आणि मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. 'मी सात-आठ वर्साची असंन. आषाढ लागला हुता. वरल्या मुलखातली दिंडी हितं वढ्याला उतरली. रातच्यात माणसं वकाय लागली, ढाळायला लागली. पटकी. सकाळच्याला दिंडी फुटली, कोण पुढं गेलं, कोण मागं फिरलं. ह्यो उठंना. आप्पानी त्येला गोठ्यात आणला. घरात न्हाई आणला, बारकी लेकरं हुती म्हनून. आई दारातनंच पानी द्यायची, मीठ घातल्यालं. मी कंदील धरून हुबी हुते. त्यो 'मले पानी दे, माय' म्हनायचा. मले, तुले, असं बोलायचा. वऱ्हाडातला असंल. दुसऱ्या रातीला गेला. त्येच्या पडशीत दोन भाकरी हुत्या, वाळल्याल्या. आन् फडक्यात बांधल्याले चार आणे. कुणीतरी देवाला दिल्याले असत्याल. आप्पानी हितं अग्नी दिला, राख पुरली, आन् ह्यो दगड ठिवला. मग चार आणे घेऊन आपल्या दिंडीबरं पंढरीला गेले. देवाफुडं ठिवले. वऱ्हाडातल्या दिंड्या धुंडल्या दोन दीस, पर त्येची माणसं काय गावली न्हाईत.'

बोलता बोलता ती थांबली. मग म्हणाली, 'पंधरा दीस आमच्या हिरीवर कोण पान्याला आलं न्हाई. लोकं भ्याली हुती.'

माझे दोन्ही भाऊ तिथं उभे होते. कुणी काही बोललं नाही. सोमवारी जेसीबी आला, बांध पडला, पण त्या दगडापाशी बांधाला एक वळण दिलंय. दोघांनीही हातहातभर जमीन सोडली. यामुळं भावाभावांचं सगळं मिटलं असं मी सांगणार नाही. विहिरीच्या पाळीवरनं अजून कुरबुर चालते. पण तो दगड जागेवर आहे.

त्याच्या पुढच्या पौषात आत्या गेली.

आता विचार करा. ती गोष्ट माहीत असलेलं त्या दिवशी अख्ख्या शिवारात एकच माणूस होतं. नव्वद वर्षांची, दुसऱ्या गावात दिलेली एक बाई. ती म्हाळाला आली नसती, तर सोमवारी तो दगड उचलून ओढ्यात गेला असता. कुणाचं पाप नाही, कुणाचा दोष नाही. माहीतच नव्हतं. वारकरी आधीच 'देव' झाला होता, देवाचा नुसता धोंडा झाला असता, आणि धोंड्याचं काय, तो कुठंही टाकता येतो.

यातून मला तीन गोष्टी कळल्या, त्या तुम्हाला सांगते.

पहिली ही की आपण आठवण विचारायला बहुतेक वेळा घराच्या कर्त्या पुरुषाकडे जातो. पण घराची आठवण बऱ्याचदा बाहेर दिलेल्या लेकींकडे असते. मुलग्याला जमीन मिळते, घर मिळतं, ते रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून ते आठवावं लागत नाही. लेक सासरी जाताना फक्त आठवण घेऊन जाते. ती तिला जपते, घोळवते, जात्यावर बसली की ओवीत घालते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्या बायांपैकी कितीतरी जणींना सही येत नव्हती. भाऊ, बाप, माहेरची वाट, पंढरीचा रस्ता, सगळं त्यांनी ओवीत धरून ठेवलं होतं. म्हणून म्हणते, आत्यांना बोलवा, मावशांना बोलवा. म्हाळाला नुसतं जेवायला नको, सांगायला बोलवा.

दुसरी गोष्ट, घरात बसून विचारलेलं आणि जागेवर नेऊन विचारलेलं यात फरक आहे. आत्याला आम्ही ओसरीवर शंभर वेळा म्हटलं असेल, 'आत्या, जुनं काहीतरी सांग.' ती हसायची, 'काय सांगायचं बाई, कष्टच केलं,' म्हणायची. त्या दगडापाशी बसल्यावर तिला कंदील आठवला. म्हाताऱ्या माणसाची आठवण डोक्यात कमी आणि पायाखालच्या मातीत जास्त असते. आपण वारीत चालतो तेव्हा बघा ना. एखादा विसावा आला की सत्तरीचे बाबा बोलू लागतात, 'हितं आमची बैलगाडी रुतली हुती', 'ह्या हिरीचं पानी पिऊन आम्ही वाढलो', 'पटकीची लस टोचल्याबिगर पंढरपुरात सोडायचे न्हाईत, म्हनून ह्या नाक्यावर रांगा लागायच्या.' घरी विचारा, त्यांना काही सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट, तारीख विचारू नका. शाळामास्तरीण असून सांगते, म्हाताऱ्यांना तारखेनं विचारलं की ती गप्प होतात, आपण परीक्षा घेतो असं त्यांना वाटतं. त्यांचं पंचांग वेगळं असतं. विचारा, मानमोडीच्या साथीच्या आधी का नंतर? म्हणजे १९१८ कळलं. हे तर आता त्यांना त्यांच्या आईबापांनी सांगितलेलंच असणार. पानशेत फुटलं तेव्हा? म्हणजे १९६१. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा? १९६७. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठल्या कामावर होता? खडी फोडायला का तलावाच्या मातीला? मिलो खाल्ला का, सुकडी खाल्ली का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नातू किती मोठा होता? हे विचारलं की माणसं आपोआप सुरू होतात. मग मध्ये बोलू नका. चुकलं तरी दुरुस्त करू नका. एकच गोष्ट दोघा म्हाताऱ्यांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही लिहून घ्या. आणि मोबाईलवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारून घ्या, लपवून नको.

आपल्याकडे याची व्यवस्था पूर्वी होती, हे विसरू नका. त्र्यंबकेश्वराला, नाशिकला, पंढरपुरालाही तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्यांची नावं आहेत. आपला खापरपणजा कोणत्या साली आला, बरोबर कोण होतं, कुठल्या कार्यासाठी आला, ते तिथं सापडतं. दक्षिणेकडं कोल्हापूर-सांगलीच्या भागात हेळवी बैल घेऊन दारोदार येतात आणि घराची वंशावळ वाचून दाखवतात. पण वहीत नाव असतं. माणूस कसा होता ते नसतं. बापाचं नाव, आजाचं नाव, गाव, गोत्र सापडेल. आजा गोठ्याच्या दारात उभा राहून कुठल्या परक्या माणसाला पाणी देत होता, ते वहीत सापडणार नाही. ते सांगणारं माणूसच लागतं.

आणि एक सांगते, जरा कडू आहे. जुन्या माणसांच्या गोष्टी सगळ्याच गोड नसतात. आत्यानं आजोबांची थोरवी सांगितली, तसं हेही सांगितलं की त्यांनी त्या माणसाला घरात घेतलं नाही, गोठ्यात ठेवलं. गाव पंधरा दिवस पाण्याला आलं नाही, हेही सांगितलं. ते मी तुमच्यापुढं जसंच्या तसं ठेवलं. गोष्ट सांगायची तर सबंध सांगावी. चोखोबांची समाधी सांगताना अस्थींतून नाम ऐकू आलं एवढंच सांगून भागत नाही. ते जिवंतपणी देवळात जाऊ शकले नाहीत, वेठीच्या कामावर गेले, आणि त्यांच्यासारख्यांना विठ्ठलाच्या पायाशी जायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, हेही सांगावं लागतं. नाहीतर आपण समाधीवर नुसता चुना लावतो. मात्र काही गोष्टी म्हातारी माणसं सांगत नाहीत. विचारलं की नजर वळवतात. तिथं हट्ट करू नये. कुणाच्या संसारातलं, कुणाच्या लेकीबाळींचं दुःख चव्हाट्यावर आणायला आपण विचारत नाही. जे पोटात ठेवायचं ते त्यांना ठेवू द्यावं.

कुणी म्हणेल, ताई, वारकऱ्याला एवढा गेलेल्यांचा सोस कशाला? आपल्याला नाम पुरे. तुकोबारायांना तर समाधीच नाही, ते वैकुंठाला गेले. खरं आहे. पण त्याच तुकोबांच्या टाळकऱ्याची, संताजी जगनाड्यांची सुदुंबऱ्याची समाधी आठवा. आपण काय सांगतो? संताजींना मूठमाती द्यायची राहिली होती, ती द्यायला तुकोबा वैकुंठाहून परत आले. वैकुंठाहून! सोबत्याला दिलेला शब्द होता. गेलेल्याची आठवण ठेवणं हा मोह असता तर तुकोबा मूठभर मातीसाठी परत फिरले नसते.

आणि म्हाताऱ्या माणसापाशी बसणं हा तर आपल्या पंथाचा पायाच आहे. पांडुरंग विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांची सेवा करत होता. देव दारात आला तरी उठला नाही, वीट भिरकावली, म्हणाला, थांब. आणि देव थांबला, अजून थांबलाय. मायबाप हो, ज्या पंथात देवाला थांबवून म्हाताऱ्यांची सेवा केली जाते, त्या पंथातल्या घरात आजी सांगायला लागली की टीव्हीचा आवाज कमी करायला काय हरकत आहे? आपल्याला देवाला थांबवायचं नाहीये, फक्त मोबाईल खाली ठेवायचाय.

आता शेवटचं. शतकपूर्तीचं काम म्हणून मी दिंडीपुढं एक मागणी ठेवते. मंडप, भंडारा, स्मरणिका, सगळं झालं, छान झालं. आता एक जाड पुठ्ठ्याची वही करा. ती विण्याबरोबर ठेवा, विणेकऱ्याच्या ताब्यात. दरवर्षी दिंडी निघायच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक घरानं आपल्या रानातल्या वृंदावनापाशी जायचं. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस आणि सगळ्यात लहान पोर, दोघंही बरोबर हवीत. जागा झाडायची, नामदेवांच्या त्या पोरांनी झाडली तशी, दिवा लावायचा, आणि एका माणसाची एक गोष्ट ऐकायची. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीवर न्या, खुर्चीवर बसवून उचलून न्या. मग ती गोष्ट चार ओळींत वहीत लिहायची. नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर 'नाव माहीत नाही' असंच लिहायचं. वारीत वाटेत गेलेल्या, शंभर वर्षांतल्या आपल्या दिंडीच्या माणसांचीही नोंद करायची. कुठल्या गावाशी, कुठल्या ओढ्याशी त्यांना ठेवलं ते आज सांगणारी तीन-चार माणसं या पारावर बसलेली आहेत. पुढच्या वर्षी किती असतील ते पांडुरंगाला माहीत.

आणि त्या वहीतली पहिली नोंद मी देते. लिहून घ्या. 'नाव माहीत नाही. गाव वऱ्हाडातलं असावं, मले-तुले बोलत होता. साधारण १९४० च्या सुमारास आषाढात आपल्या ओढ्याकाठी पटकीनं गेला. त्याच्याजवळचे चार आणे पांडुरंगाला पोचले आहेत.'

यंदा आषाढीला पासष्ट एकरात उतरलात की वऱ्हाडातल्या दिंड्यांच्या राहुट्यांत जा. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माउलीच्या पाया पडा, शेजारी बसा आणि विचारा, तुमच्या घरातलं कुणी वारीला जाऊन परत आलं नाही असं कधी ऐकलं होतं का? एखाद्या घरात अजून कुणीतरी म्हणत असेल, आमचा आजा पंढरीला गेला तो गेलाच. त्यांना सांगा, त्याला पाणी मिळालं होतं, अग्नी मिळाला, आणि त्याच्यावर दगड आहे. यायचं असेल तर या. आमच्याकडं मुक्कामाला जागा आहे.

रामकृष्ण हरी.